कुंपणातला सडा: कास पठाराचं एक प्रकरण

कासचं पठार पहिल्यांदा पाहायचं असेल तर ते मे महिन्यात पाहावं, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून बामणोलीच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेलं, की समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर डोळ्यांपुढे काळपट तांबडा कातळ पसरतो. वाळून कोळ झालेलं गवत, भेगाळलेला दगड, मधेच एखादं खुजं झुडूप. पायाखालचा दगड इतका तापलेला असतो की चपलेतूनही चटका बसावा. सावली शोधायला पठाराच्या कडेपर्यंत चालत जावं लागतं. चार महिन्यांनी फोटो काढायला इथे रांग लागणार आहे, हे त्या दिवशी कुणाला खरं वाटणार नाही.

हा मे महिन्यातला कातळ ज्याने पाहिला नाही त्याला सप्टेंबरची फुलं कळत नाहीत, असं माझं मत आहे. पुढे जे कुंपणाचं प्रकरण सांगायचं आहे ते याच न कळण्यातून उभं राहिलं.

सडा

बाहेरचे लोक ‘पठार’ म्हणतात, पण इकडच्या डोंगरांत आणि खाली कोकणात अशा उघड्या माथ्याला ‘सडा’ म्हणतात. सडावाघापूरसारख्या गावांच्या नावातही तो शब्द आहे. सड्याचा दगड म्हणजे जांभा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचा काळा बेसॉल्ट तयार झाला. त्याचा सर्वांत वरचा भाग पुढे लाखो वर्षं ऊन आणि पाऊस खात कुजला. पावसाने त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्याची टणक, सच्छिद्र टोपी डोंगरमाथ्यावर बसली. पाचगणीचं टेबललँड हीच टोपी, महाबळेश्वरच्या माथ्यावरही हीच.

या टोपीवर माती जवळजवळ नाही. कुठे बोटभर, कुठे वीतभर, बऱ्याच ठिकाणी नुसता दगड. असलेली माती आम्ल आणि निःसत्त्व. नत्र पावसाने धुऊन जातं, स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही. त्यात वर्षाचे चार महिने सगळं पाण्याखाली किंवा चिखलात आणि उरलेले आठ महिने थेंबही नाही. मोठं झाड इथे तग धरू शकत नाही. मूळ खाली जायला जागाच नसते. जंगल आहे ते पठाराच्या कडेला, जिथे माती साठते. तिथे अंजनी, जांभूळ अशी झाडं वाऱ्याने वाकून, बुटकी होऊन उभी आहेत.

झाडं नाहीत म्हणून भरपूर ऊन आहे. माती नाही म्हणून धसमुसळ्या, भराभर वाढणाऱ्या वनस्पतींचं इथे काही चालत नाही. ज्यांनी उपासमारीशी जुळवून घेतलं त्यांचंच हे राज्य. शिवाय प्रत्येक सडा खोल दऱ्यांनी शेजारच्या सड्यापासून तोडलेला. समुद्रातल्या बेटासारखीच ही डोंगरावरची बेटं. एकेका बेटावर वनस्पती आपापल्या वाटेने बदलत गेल्या. कासच्या परिसरात सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती असल्याचं सांगितलं जातं. त्यांतल्या कितीतरी पश्चिम घाटाबाहेर मिळत नाहीत, आणि काही तर सातारा-कोल्हापूरच्या मोजक्या सड्यांपलीकडे नाहीत.

हातभर अंतरावर बदलणारं जग

जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की दोन-चार दिवसांत कातळाचा रंग फिरतो. दगडाच्या खाचेत ट्रायपोगॉन नावाचं एक बारकं गवत असतं. उन्हाळ्यात त्याची पानं चुरगाळली तर भुगा व्हावा इतकी वाळलेली असतात, पण ती मेलेली नसतात. ओल लागली की तीच पानं पुन्हा हिरवी होतात. मातीत झोपलेले कंद जागे होतात. निसर्गप्रेमींना ठाऊक असलेली दीपकाडी, नाजूक पांढऱ्या फुलांचे हबेनारिया प्रजातीतले आमरीचे प्रकार, फणा काढलेला सापकांदा हे सुरुवातीचे पाहुणे. गर्दी यायच्या आधी त्यांचा हंगाम उरकलेला असतो.

पुढे जुलै-ऑगस्टमध्ये सडा नीट वाचायचा असेल तर गुडघ्यावर बसावं लागतं. कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहत असतो अशा जागी गेंदाची पांढरी बटणं उगवतात आणि त्यांच्यातच निळसर जांभळी सीतेची आसवं. नाव हळवं आहे, वनस्पती मात्र शिकारी. तिच्या जमिनीतल्या धाग्यांवर मोहरीहूनही लहान फुगे असतात. फुग्यात पाण्याचा दाब कमी केलेला असतो. सूक्ष्म जीव दाराच्या केसाला टेकला की दार आत उघडतं, जीव पाण्यासकट खेचला जातो आणि दार मिटतं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या वेळात. शेजारी दवबिंदू ही दुसरी शिकारी. पानावरच्या चिकट थेंबांत ती माश्या-चिलटं धरते. मातीत नत्र नाही, ते मिळवण्याची ही तोड आहे. म्हणून या दोघींची दाटी दिसली की खालची जमीन अगदी गरीब आहे असं समजायला हरकत नाही.

तिथून हातभर पुढे कातळात पाणी साठलेलं डबकं असतं आणि त्यात वायतुरा. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला त्याचा फुलोरा, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. शास्त्राला ही वनस्पती नव्याने कळली ती 1982 साली, आणि जगात ती फक्त सह्याद्रीच्या या भागातल्या काही सड्यांवर आहे. तिचा कंद डबक्याच्या तळाच्या थोड्याशा मातीत असतो. आठ महिने तो कोरड्यात निपचित पडून राहतो. डबकं बुजलं, त्यावरून गाडी गेली किंवा कुणी मुरूम ओतला, की ती वनस्पती तिथून गेली. तिला जायला दुसरी जागा नाही.

थोडी जास्त माती असेल तिथे चित्र बदलतं. आभाळी, नीलिमा, रुंद पानांची चवर. या चवरीच्या कंदाचं सत्त्व काढण्याची चाल महाबळेश्वर-पाचगणीकडे जुनी आहे. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असणारी स्मिथिया पोरांना ‘मिकी माऊस’ म्हणून माहीत असते, पण ती कोकणात पावसाळ्यात भाजी करतात त्या कवल्याच्या कुळातली. तिच्याच एका जातीला शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं नाव आहे. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांचीच. कुठेतरी गवतात कंदीलपुष्प लपलेलं असतं. लहान माश्या त्याच्या नळीत शिरतात, आतल्या खालच्या दिशेने वळलेल्या केसांमुळे अडकतात आणि केस मऊ पडल्यावर पराग घेऊन सुटतात. मग तेरडा येतो. आपल्याकडे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, पण कासवर तो आठवडेच्या आठवडे टिकतो, कारण लाखो झाडं पाळीपाळीने फुलत असतात. शेवटी सोनकी पिवळा रंग ओतते आणि हंगाम संपतो. टोपली कारवीचं वेळापत्रक निराळं. टोपली पालथी घातल्यासारखी तिची झुडपं सात वर्षं नुसती हिरवी राहतात, एकदाच जांभळी होतात आणि बी टाकून मरतात.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगण्याचं कारण आहे. या वनस्पतींपैकी बहुतेकींची उंची विती-दोन वितींच्या आत आहे. पुष्कळशा एकाच पावसाळ्यात रुजतात, फुलतात, मरतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या बियांना उजेड आणि उघडी ओली जागा लागते. हा मुद्दा लक्षात राहिला की पुढचं प्रकरण उलगडतं.

2012 आणि त्यानंतर

1 जुलै 2012 रोजी पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातली चार ठिकाणं त्यात आली: कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान, राधानगरी अभयारण्य आणि कास पठार. या चौघांत कास अगदी लहान, हजार-अकराशे हेक्टरांचं. बाकी तिघांना वन्यजीव कायद्याचं कवच आहे. कास राखीव वन आहे आणि त्याच्या मधून वाहता रस्ता जातो.

वारशाच्या आधीपासूनच गर्दी वाढू लागली होती, नंतर ती अंगावर आली. रविवारी घाटात मैलभर गाड्या. पठारावर वाटेल तिथे चाकं, फुलांच्या ताटव्यात लोळून काढलेले फोटो, उपटून केसांत माळलेली फुलं, वेफर्सची पाकिटं. ओल्या सड्यावर माणूस चालला की मातीचा तो पातळ थर दाबला जातो आणि पाण्याचा पापुद्रा फुटून ओहळ तयार होतो. एका पावलाने काही होत नाही. दहा हजार पावलांनी कायमची पायवाट पडते, आणि तिच्यावर गेंद पुन्हा उगवत नाही.

काहीतरी करणं भाग होतं आणि वन विभागाने ते केलं. कास, कासाणी, एकीव, आटाळी अशा आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांना सोबत घेतलं. प्रवेश शुल्क आलं, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठरली, गाड्या लांब उभ्या करायची सोय झाली. गावच्या पोरांना हंगामात काम मिळालं. कचरा रोज उचलला जाऊ लागला. हे सगळं मी मनापासून चांगलं मानतो. या बंदोबस्ताशिवाय रस्त्यालगतचा सडा उरला नसता.

त्याच बंदोबस्तात लोखंडी कुंपण उभं राहिलं.

कुंपणाने काय अडवलं

कुंपण माणसांसाठी होतं, पण तारेला माणूस आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. आसपासच्या गावांची गुरं पिढ्यानपिढ्या या सड्यावर चरत आली होती. ती बाहेर थांबली. गवे, भेकरं, रानडुकरं यांच्या जाण्यायेण्याच्या वाटाही अडल्या. सुरुवातीला यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ‘गुरं फुलं खातात, तुडवतात’ हे गृहीतच होतं. फुलं वाचवायची तर गुरं हाकलायची, बागेत हेच करतात.

काही हंगाम गेले आणि वेगळ्या तक्रारी कानावर येऊ लागल्या. कुंपणाच्या आत गवत उंच आणि दाट झालंय, तेरड्याचे गालिचे विरळ झालेत. आधी गावातले लोक बोलले, मग नेहमी येणारे निसर्गप्रेमी, आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनीही चराईबंदीकडे बोट दाखवलं. गुरांमागे सडा तुडवत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

गुरं सड्यावर नेमकं काय करतात ते पाहू. जून-जुलैत गवत कोवळं असतं आणि गुरांचा भर त्यावरच असतो. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू यांच्यात त्यांना खाण्यासारखं काही नाही. गवताचे शेंडे वेळच्या वेळी खुडले गेल्याने ऑगस्टमध्ये जमिनीलगतच्या वनस्पतींना उजेड मिळतो. जे गवत खाल्लं जात नाही ते कंबरेएवढं वाढतं, ऑक्टोबरनंतर आडवं पडतं आणि वाळून त्याची गादी होते. पुढच्या जूनमध्ये तेरड्याचं बी त्या गादीखाली अंधारात असतं. रुजलं तरी रोप वर येत नाही. वर्षानुवर्षं गादीवर गादी साचली की खाली कुजून माती तयार होते. शेतकऱ्याला माती वाढली की आनंद होतो. सड्यावर मात्र माती वाढणं म्हणजे मोठ्या गवतांना आणि झुडपांना दिलेलं आमंत्रण. उपासमारीवर जगणाऱ्यांची जागा खाऊन-पिऊन वाढणारे घेतात. शिवाय गुरांच्या खुरांनी ओल्या मातीत लहान लहान खळगे पडतात, त्यांत पाणी थांबतं आणि बी अडकतं.

पूर्वी आणखी एक गोष्ट होत असे. पठाराच्या आसपासचे लोक वैरणीसाठी गवत कापून नेत, आणि उन्हाळ्यात कुठे कुठे वाळलेलं गवत जाळलंही जाई. वणव्याचं मी समर्थन करत नाही, कडेच्या जंगलाचं त्याने फार नुकसान होतं. पण चराई, कापणी आणि जाळ या तिन्हींनी मिळून सड्यावरचं जुनं गवत दर वर्षी हटत होतं, ही वस्तुस्थिती आहे. ज्या फुलांना आपण ‘अस्पर्श निसर्ग’ समजून पाहायला जातो ती शेकडो वर्षं गुराख्यांच्या वहिवाटीत वाढलेली आहेत.

दुसरीकडे काय झालं

हा अनुभव आपल्याला नवा नसायला हवा होता. 1982 साली भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींना बंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं, की म्हशी गेल्यावर पाणथळीत पास्पालम गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली होती त्यांचीच अडचण झाली.

त्याच वर्षी गढवाल हिमालयातली फुलांची दरी राष्ट्रीय उद्यान झाली. ही जागा कासच्या अडीच-तीन पट उंचीवर, बर्फाच्या प्रदेशातली, तरी गोष्ट ओळखीची आहे. मेंढपाळांचे कळप थांबले आणि नंतरच्या काळात पॉलिगोनमची एक उंच वाढणारी जात दरीत पसरू लागली. तिकडे तिला अमेला म्हणतात. नाजूक फुलझाडांना ती झाकून टाकते. वन विभागाला माणसं लावून ती उपटावी लागते. चराई हेच तिच्या पसरण्याचं एकमेव कारण आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कळप हटवणं म्हणजे आपोआप संरक्षण, हे समीकरण तिथेही टिकलं नाही.

दोष फक्त कुंपणाचा का?

इथे मला थोडं सावधपणे बोलायचं आहे, कारण ‘कुंपणाने कास मारलं’ हे वाक्यही मला ‘गुरांनी कास मारलं’ या वाक्याइतकंच घाईचं वाटतं.

फुलांचा हंगाम पावसावर फार अवलंबून असतो. जूनमध्ये पाऊस येऊन मग तीन आठवडे गायब झाला तर रुजलेली रोपं वाळतात. ऑगस्ट सगळा धो धो गेला तर कळ्या सडतात. तेव्हा एखाद्या वर्षी ताटवे विरळ दिसले म्हणजे गवतच कारण, असं म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे पठारावरची गुरं तारेमुळेच कमी झाली असंही नाही. जावळी, पाटण, सातारा तालुक्यांच्या डोंगराळ भागातली घरंच्या घरं मुंबईला माथाडी कामात गेली. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना दहा-दहा जनावरं सांभाळणं होत नाही. दुधासाठी आणलेली संकरित गाय गोठ्यात बांधून वैरण खाते, ती सड्यावर चढत नाही. कुंपण नसतं तरी गवत काही प्रमाणात वाढलंच असतं.

आणि चराई म्हणजे वाटेल तेवढी चराई नव्हे. गुरं जास्त झाली तर सडा खरवडला जातो. शेणातून नत्र येतं, त्यामुळे गरीब मातीची सवय असलेल्या वनस्पती मागे पडतात आणि तण येतं. रस्त्याकडेने रानमोडीसारखं तण आत शिरायला टपलेलंच आहे.

म्हणून खरी उणीव माझ्या मते तारेच्या आधीची आहे. कुंपण घालताना पठाराचे काही तुकडे तुलनेसाठी ठरवायला हवे होते: एक चराईचा, एक कापणीचा, एक पूर्ण बंद. प्रत्येकात ठरावीक चौकटी आखून दर हंगामात कुठली जात किती, गवताची उंची किती, माती किती साचली, याची मोजदाद ठेवायला हवी होती. याला फार पैसा लागत नाही. साताऱ्यात, कोल्हापुरात, पुण्यात वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, शिवाजी विद्यापीठात सड्यांच्या वनस्पतींवर काम केलेली माणसं आहेत, अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी कातळपठारांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. गावसमित्यांची पोरं तर रोज पठारावरच असतात. अशी मोजणी पहिल्या दिवसापासून झाली असती तर कुंपणाचा वाद आठवणींवर आणि जुन्या फोटोंवर लढवावा लागला नसता.

तार निघाली

काही वर्षांपूर्वी ते कायमचं लोखंडी कुंपण काढलं गेलं. आता हंगामापुरती तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, जाळी लावतात आणि फुलं संपली की गुंडाळतात. माणसांची गर्दी जाळीबाहेर राहते, उरलेलं वर्ष पठार मोकळं. केलेली चूक मान्य करून मागे फिरणं सरकारी कामात सहज घडत नाही, म्हणून या निर्णयाचं मला कौतुक वाटतं.

पण जाळी हंगामात असते, आणि गवत खुडलं जायची खरी गरजही पावसाच्या सुरुवातीलाच असते. ऑक्टोबरनंतर गुरं आत गेली तर वाळलेलं गवत थोडंफार हटेल, कोवळं गवत मात्र तोवर वाढून बसलेलं असेल. पर्यटक यायच्या आधी, जून ते जुलैच्या मध्यापर्यंत, ठरवून दिलेल्या भागात मोजकी गुरं सोडायला हवीत आणि दर वर्षी भाग बदलायला हवा, असं मला वाटतं. पाळणाऱ्याला त्याचा मोबदला प्रवेश शुल्कातूनच देता येईल. हंगामात शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोराला मजुरी मिळते, तर गुरं सांभाळून तेच सडा-रक्षणाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याला का मिळू नये? डबक्यांच्या जागा, म्हणजे वायतुऱ्याची घरं, तेवढी गुरांपासून राखावीत. तिथे काठीने हाकणारा माणूस पुरेसा आहे, तार नको.

बाकीचे सडे

कासच्या या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे राहते आणि तिचं मला जास्त दुःख आहे. कासला पाटी आहे, तिकीट आहे, बातमी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर त्याच जांभ्याचे, तशाच फुलांचे कितीतरी सडे आहेत, त्यांना यातलं काही नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. प्रत्येक चक्कीच्या पायासाठी कातळ फोडला, प्रत्येकीपर्यंत रस्ता नेला, आणि रस्त्याने पाण्याचा पापुद्रा तोडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांखाली बॉक्साइट आहे. जांभ्यात जे ॲल्युमिनियम मागे राहिलं तेच आता सड्याच्या जिवावर उठलं. खाणीत आधी वरची टोपी जाते, आणि फुलं टोपीवरच असतात. खाली रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळ फोडून, बाहेरून माती आणून हापूसच्या बागा उभ्या राहिल्या. त्याच सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा कुठे त्या दगडाकडे लोकांचं लक्ष गेलं. शिल्पांच्या रेघांत उगवणाऱ्या गेंदाकडे अजून गेलेलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी सातबाऱ्यावरचा एक शब्द आहे: पोटखराबा. लागवडीला नालायक जमीन. महसुलाच्या हिशोबाने सडा नापीकच, तेव्हा तिथे काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते. वृक्षारोपणाचं लक्ष्य पुरं करायला सड्यांवर खड्डे खणून ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी लावली गेली, तेही चांगल्या हेतूने. झाड म्हणजे निसर्ग आणि उघडी जमीन म्हणजे उजाड जमीन, ही समजूत शाळेपासून आपल्या अंगात मुरली आहे. त्या समजुतीने कासकडे पाहिलं की कुंपण घालावंसं वाटतं आणि इतर सड्यांकडे पाहिलं की झाडं लावाविशी वाटतात.

गेल्या पावसात अशाच एका बिननावाच्या सड्यावर गेलो होतो. तो कुठे आहे हे लिहीत नाही, गर्दी नको म्हणून. धुक्यात तीन म्हशी चरत होत्या, पलीकडे घोंगडीची खोळ घेतलेला गुराखी दगडावर बसला होता. एका डबक्यात वायतुऱ्याचे चाळीस-पन्नास तुरे मी मोजले. डबक्याच्या वरच्या अंगाला नव्या रस्त्यासाठी टाकलेला मुरुमाचा ढीग होता. पावसाने त्याची लाल धार सुटली होती आणि ती पाण्यापासून हातभर अंतरावर आली होती. गुराख्याने आणि मी मिळून हाताला येतील ते दगड उचलले आणि त्या धारेला बाजूला वळवलं. ढीग अजून तिथेच आहे.